वीस मिनिटांचं जेवण

खिमा कढईत पडला तेव्हा चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती. इसहाकची बस सव्वापाचला. सौदीतल्या जुबैलमध्ये कंपनीची बस इंजिनिअरसाठी दोन मिनिटं थांबते. इसहाक ऑपरेटर होता.

"वीस मिनिटांत होतं, अब्बा," दुआ म्हणाली. ती अकरावीत होती. "कोरियन आहे. बीफ बाउल. खाली भात, वर खिमा."

"कोरियात एवढी घाई कसली असते?"

"त्यांच्याकडे पण नाइट शिफ्ट असेल."

इसहाक युनिफॉर्म चढवून टेबलाशी बसला होता. फोन समोर पालथा ठेवलेला. बायकोचा, अख्तरीचा, परतीचा व्हिसा आज संपत होता. महिन्यापूर्वी ती दाभोळला गेली होती, अंथरुणाला खिळलेल्या आईकडे. सौदी सरकारनं हे काम फार सोपं करून ठेवलंय. रात्री बाराच्या आत इसहाकनं फोनवर एक बटण दाबलं की मुदत वाढणार आणि अख्तरी परत येणार. नाही दाबलं की तिचा इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, खलास. मग नवे कागद, नवे शिक्के. वर्ष तरी जाणार.

दुपारी फोनवर तिनंच सांगितलं होतं, "रिन्यू करू नका. व्हिसा चालू असला की भाऊ रोज विचारतात, कधी जातेस. खलास झाला की कोणी विचारणार नाही."

"आणि मुलं?"

"मुलांचे हाल होत असतील तर तसं सांगा. मी येते."

दुआ तेव्हा शेजारीच इस्त्री करत होती. तिनं ऐकलं नाही, असं बाप-लेक दोघंही धरून चालले.

तेव्हापासून इसहाक हालांची वाट बघत होता.

परिस्थिती तशी आशादायक होती. महिनाभरात दोनदा डाळ करपली होती आणि भाताची पेज किती वेळा झाली ते कोणी मोजलं नव्हतं. कालवणात कोकम कधी टाकायचं, हे विचारायला दुआ रोज दाभोळला फोन लावायची. तिसरीतला धाकटा अरीब एक घास घ्यायचा, "नॉट लाइक अम्मी" म्हणायचा आणि ताट सरकवायचा. एकदा ते फोनवर ऐकून अख्तरी रडली होती. इसहाकनं तिची समजूत काढली होती, पण फार जोर लावून नाही.

आज दुआनं फोन लावला नाही. आलं-लसूण परतलं, सोया सॉस ओतला, साखर घातली, शेवटी तिळाचं तेल. चमचे मोजताना तिचे ओठ हलत होते.

"अम्मीला विचारलंस?"

"अम्मीला हे कुठं येतं? म्हणून तर हे केलं."

तिनं तीन वाडगे भरले. वर कांद्याची पात चिरून टाकली.

अरीबनं वास घेतला. "ये अम्मीवाला नहीं है."

इसहाक जरा सावरून बसला.

"कोणाचंच नाहीये," दुआ म्हणाली. "खा."

अरीबनं एक चमचा खाल्ला. मग दुसरा. हा मुलगा बिर्याणीतला तळलेला कांदासुद्धा निवडून बाजूला काढायचा. आज त्यानं पात खाल्ली. मग वाडग्यात डोकं घातलं.

इसहाकनं पहिला घास घेतला. त्यात काहीच कमी नव्हतं. दुसरा घास त्यानं जरा बारकाईनं खाल्ला. त्यातही नव्हतं.

पाच वाजून पाच मिनिटांनी अख्तरीचा व्हिडिओ कॉल आला. इसहाकनं फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला. अख्तरीच्या मागे मच्छरदाणी होती आणि मच्छरदाणीबाहेर आलेला तिच्या आईचा हात. आईचं तेवढंच दिसत होतं.

"जेवलात?"

अरीबनं रिकामा वाडगा कॅमेऱ्यासमोर धरला. अख्तरीनं चेहरा फोनजवळ आणला.

"कोणी केलं रे?"

"आपाने. कोरियन है."

"मला नाही विचारलंन," अख्तरी म्हणाली. तक्रार होती की नाही, कळायला मार्ग नव्हता. मग तिनं नवऱ्याकडे बघितलं. "तुम्हाला कसं लागलं?"

दुआ सिंकशी पाठमोरी उभी होती. तिनं नळ बंद केला.

"मीठ कमी आहे," इसहाक म्हणाला.

"फार कमी?"

"आहे कमी."

अख्तरीनं एकदा मागे मच्छरदाणीकडे बघितलं. तो हात तिनं उचलून आत ठेवला, चादरीखाली. पुन्हा फोनकडे वळली आणि थांबली. भांडली असती तर इसहाकला सोपं गेलं असतं. ती नुसती थांबली होती. तो म्हणेल ते ती करणार होती; ये म्हणाला तर येणार, नाहीतर आईपाशी राहणार.

दुआ टेबलाशी आली. तिनं मिठाची बरणी बापापुढे ठेवली, झाकण काढून.

"घ्या, अब्बा."

तिचे डोळे बरणीवरच होते. इसहाकनं चमचा बुडवला. आधी थोडं घेतलं, मग अख्तरी बघतेय हे लक्षात येऊन चमचाभर घेतलं. भातावर टाकलं, कालवलं आणि खायला लागला. खाली बसचा हॉर्न वाजला. तो खात राहिला. अरीब त्याच्या तोंडाकडे बघत होता. वाडग्याचा तळ दिसला.

"आता?" अख्तरीनं विचारलं.

इसहाकनं शेवटचा घास गिळला. बाटली हाताशी होती. तिला हात लावला नाही.

"आता बरोबर आहे," तो म्हणाला.