घाताचा घात

भरदुपारी सून आतून कडी लावून फोनवर कुजबुजत बसते, हे द्वारकाबाईंच्या ध्यानात आलं होतं. आज त्या दाराला कान लावून उभ्या राहिल्या.

"घाताचा घात आला की घाबरायचं नाही," तृप्ती दबक्या आवाजात सांगत होती. "कंस काढून टाकायचा. आणि आईंना इतक्यात कळू द्यायचं नाही."

घात कुणाचा, आणि या घरातला कंस कोण? द्वारकाबाईंनी दार धडाधडा वाजवलं. कडी निघताच सुनेच्या हातातला फोन हिसकावून घेतला.

"कोण बोलतंय?"

"आई... मी मयुरी."

त्यांचीच लेक! दहावीला गणितात नापास झाली, तेव्हा द्वारकाबाईंनीच शाळा बंद करून तिचं लग्न उरकून टाकलं होतं.

"परत परीक्षेला बसतेय ती," तृप्ती खाली मान घालून म्हणाली. "घातांक शिकवत होते. वर्गाचा घन करताना दोन आणि तीन मिळवायचे नसतात, गुणायचे असतात. तिथंच ती चुकते."

"मग माझ्यापासून चोरून कशाला?"

"तुम्ही पुन्हा थांबवाल, असं वाटलं तिला."

द्वारकाबाईंनी फोन कानाला लावला. "सासरी चालतं का गं हे?"

"सासूबाईंनीच बसवलंय परीक्षेला, आई."

द्वारकाबाईंना ते फार लागलं. मग त्या म्हणाल्या, "उद्यापासून संध्याकाळीही शिक वहिनीकडं. इथल्या भाकरी मी थापीन."