शेवटचा आवाज

"हात, दात. शेवटचा आवाज सारखा की वेगळा?" बालवाडीच्या बाईंनी विचारलं. एरवी चिमणी सगळ्यांच्या आधी उत्तर द्यायची. आज ती गप्प होती. बाईंना सर्दी झाली होती, म्हणून त्यांनी तोंडाला मास्क लावला होता. "पान, कान?" चिमणी उठून जवळ आली आणि मास्क ओढत म्हणाली, "बाई, तोंड दाखवा ना." शाळा सुटल्यावर बाईंनी चिमणीच्या आईला बाजूला घेतलं. "मला वाटतं, तिला ऐकू येत नाही. ओठ बघून ओळखते." "काहीतरीच काय, बाई! हाक मारली की धावत येते." "मागून हाक मारून बघा." चिमणी पायरीवर पाठमोरी बसून बूट घालत होती. आईने हाक मारली. मग जोरात मारली. बूट घालून चिमणी वळली. आईचा चेहरा बघून म्हणाली, "मी काय केलं?"