हरणीची निवड

अक्काच्या कारवान जातीच्या कुत्रीची, हरणीची, चारही पिल्लं मायाप्पानं माळावर दूर दूर ठेवली. आई ज्याला आधी उचलेल ते पिल्लू अव्वल, ही त्याच्या घरची जुनी पारख. लांडग्यानं त्याची कोकरं नेली होती. कळपाला खमका राखणदार हवा होता.

"सोड गं अक्का!" तो अधीरपणे ओरडला.

अक्कानं हरणीची दोरी सोडली. तेवढ्यात ओढ्याकडून कोकरू ओरडलं. वाटेतल्या पिल्लावरून उडी मारून हरणी तिकडे धावली आणि वाट चुकलेल्या कोकराला नाकानं ढकलत मेंढ्यांत घेऊन आली.

"घे! एकबी पिल्लू उचललं न्हाई की रं," अक्का खट्टू झाली.

मायाप्पानं मुंडासं हवेत उडवलं.

"पोटच्या पोरांआधी कोकराकडं धावली ती! दे अक्का, कुठलंबी पिल्लू दे!"