पिंजाऱ्याची नात

गुलफामचा निकाह झाला त्या साली, म्हणजे दोन हजार चारला, त्याच्या चार वर्षांच्या पुतणीला, जेबाला, धाप लागू लागली. तिच्या आईनं, शाइस्तानं, दवाखान्यात अ‍ॅलर्जीची तपासणी मागितली तर डॉक्टर खेकसले, "एवढा खर्च कशाला? पिंजाऱ्याची नात आहे, कापूसच असणार."

घरी येताच ती सासऱ्यावर, अब्दुल गफ्फारवर, तुटून पडली. "अब्बा, तुमची कापूस पिंजायची मशीन पोरीचा जीव घेऊन राहिली. बंद करा."

"बहू, मंग खावाचं काय? पहिले तपासून तं पाहू. खर्चाले मी आहो."

"कावून? डॉक्टर खोटं बोलते का? तुमाले नातीपेक्षा धंदा प्यारा!"

ती पोरीला घेऊन पातूरला माहेरी निघून गेली. म्हातारा दर ईदला परतवाड्याहून नवा फ्रॉक घेऊन यायचा. त्याच्या कपड्यांना कापूस चिकटलेला असेल म्हणून ती त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवायची. "दुरूनच पाहा अन् जा."

पण जेबाची धाप पातूरलाही थांबेना. अखेर तीन वर्षांनी अकोल्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून सांगितलं, अ‍ॅलर्जी झुरळांची आहे, कापसाची नाही.

अब्दुल गफ्फार सव्वा महिन्यापूर्वी, रमजानच्या अकराव्या रोजाला, वारले होते.