उंदरांचा नैवेद्य

उंदरांच्या खाद्याच्या पिशवीची चिकटपट्टी सोडवताच चिनात्सुने मान मागे घेतली. चिनात्सु कोळ्यांच्या गावात वाढली होती. ताज्या माशांच्या तेलाला समुद्राचा वास येतो. हा वास रंगाच्या जुन्या डब्यासारखा होता.

प्राणिगृहामागच्या स्मारकाच्या दगडापुढे सगळे जमू लागले होते. वर्षभरात प्रयोगांत मेलेल्या प्राण्यांना आज फुलं वाहायची, आणि कुमागाई सरांच्या प्रयोगशाळेची पद्धत अशी की फुलांबरोबर उंदरांच्या खाद्याची एक गोळीही ठेवायची. ती सरांच्या हातात देण्याचं काम यंदा चिनात्सुकडे होतं.

"ओरिहारासान, हे जरा हुंगून बघा."

ओरिहारा प्रयोगशाळेतला जुना संशोधक. तो काळा टाय सारखा करत होता. "माशांचं तेल आहे बाई ते. मोगऱ्याचा वास येणार आहे का?" मग तो वाकला, आणि हसू ओठांवरच राहिलं. "ही पिशवी होती कुठे?"

उन्हाळ्यात वीज वाचवायचं फर्मान निघालं तेव्हा एक फ्रीझर बंद झाला होता. त्यातलं सामान, ही पिशवीसुद्धा, चिनात्सुनेच साध्या फ्रिजमध्ये हलवलं होतं. प्राणिगृहातले लोक मास्क लावून खाद्य घालत. तिच्याकडे यायच्या त्या फक्त पेशी.

आणि पेशी किती देखण्या आल्या होत्या! डुकराच्या चरबीवर वाढलेल्या उंदरांच्या पेशी लाल रंगवलेल्या थेंबांनी गच्च भरलेल्या. माशांच्या तेलावरच्या उंदरांच्या अगदी रित्या. रोगाशी लढणाऱ्या या पेशी माशांचं तेल साठवत नाहीत, जाळून टाकतात, असं सर उद्या टोकियोतल्या परिषदेत सांगणार होते. चिनात्सुचा प्रबंध त्याच एका वाक्यावर उभा होता. माशांच्या तेलावरचे उंदीर हडकले, तेव्हाही सगळे खूशच झाले होते.

खवट खाद्याला उंदीर तोंड लावत नाहीत. जे पोटात गेलंच नाही, ते पेशीत कुठून दिसणार?

तिने हे सांगितलं तेव्हा ओरिहाराने आधी आजूबाजूला पाहिलं. आत्ता गप्प बस म्हणाला, एवढ्या लोकांत सरांचा पचका करू नकोस, टोकियो होऊन जाऊ दे. मग मार्चमध्ये तिला पदवी मिळायची आहे याची त्याने आठवण करून दिली. तो आत जाऊन साध्या खाद्याची एक गोळी घेऊन आला आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"ही दे. दगडाला काय कळतंय."

घंटा वाजली. कुमागाई सरांचं नाव पुकारलं गेलं. चिनात्सु तबक घेऊन पुढे झाली. तबकात एक गोळी होती, दुसरी तिच्या खिशात.

सरांनी आज मास्क लावला नव्हता. त्यांनी गोळी चिमटीत धरली, रीतीप्रमाणे कपाळापर्यंत उचलली, आणि हात खाली येताना नाकाशी थांबला.

"हेच घातलं होतं?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो, सर. उन्हाळ्यापासून हेच. फ्रीझरमधून मीच काढलं होतं."

सर तिच्याकडे पाहत राहिले. मागच्या रांगेत ओरिहाराने मान खाली घातली.

गोळी दगडावर गेली नाही. सरांनी मूठ मिटली आणि ते कमरेत वाकले. त्यांच्यामागे सगळी रांग वाकली. सर ताठ होईपर्यंत कुणी मान वर करायची नसते. चिनात्सु स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. मागे कुणाचा तरी गुडघा वाजला, कुणीतरी खोकलं, फुलांवरची माशी उडून पुन्हा येऊन बसली.

सर अजून वाकलेलेच होते.