खंडेनवमीचं कुंकू

"ह्येच बसवायचं!" फौजेतून रिटायर झालेल्या जोतीरामनं ठणकावून सांगितलं आणि रॉकेलमध्ये धुतलेला, इंजिनातल्या दट्ट्याला जोडायचा चकचकीत कनेक्टिंग रॉड फडक्यानं पुसून बारदानावर ठेवला.

बारदानावर दोन रांगा लागल्या होत्या. एकीकडं इंजिनाचे मूळचे आठ रॉड, काळे, जाडजूड, उचलताना हात भरून येईल असे. दुसरीकडं मुंबईहून आणलेले आठ, हलके नि देखणे, कुठल्याशा शर्यतीच्या गाडीतले. सांगलीत गॅरेज चालवणाऱ्या मदन मिस्त्रीनं या देखण्यांकडं पाहून नाक मुरडलं. "बापू, जुनंच ऱ्हाऊ द्या. गाडी थोडी कमी पळंल, पण पळंल."

"कमी पळून कसं चालंल, गड्या?"

तेही खरंच होतं. हे इंजिन ज्या अगडबंब अमेरिकन गाडीचं, ती जोतीरामनं काही मिरवायला घेतली नव्हती. गेल्या साली त्याची बायको शालूबाई बाळंतपणात अडली, तेव्हा उंब्रजच्या फाट्यावर कुणा अनोळखी माणसानं मोटार थांबवली, तिला मागच्या सीटवर निजवलं आणि सुसाट मिरजेच्या दवाखान्यात पोचवलं. बाई वाचली, पोर वाचली. आभार मानायला जोतीराम बाहेर येतो तर मोटार नाही नि माणूसही नाही! नाव ना गाव, उपकार फेडायचे तरी कुणाचे? मग त्यानं पालीच्या खंडोबाला बोलून टाकलं, की पंचक्रोशीतली अडलेली बाई माझ्या गाडीतनं मिरजेला जाईल, आणि त्या मोटारीपेक्षा लवकर जाईल.

आज खंडेनवमी. एकदा पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून रॉड त्याआधी बसवायची सगळी धांदल. दोघं इंजिनाच्या ब्लॉककडं वळले तेवढ्यात, सणाला सांगलीत माहेरी आलेली शालूबाई काखेत पोर नि हातात ताट घेऊन गॅरेजात शिरली. चकचकीत रॉडांवर तिनं चिमूट चिमूट हळदकुंकू वाहिलंसुद्धा.

"आवं, काय केलंत वहिनी!" मदननं कपाळावर हात मारला. "इंजिनात कचऱ्याचा कण चालत न्हाई!"

"मग बिनपूजेचंच बसवता व्हय, भावजी? पुसून घ्या की."

जोतीरामला राग आला होता. पण पोरीनं बापाकडं झेप घेतली आणि त्याला हसू आलं. तिला आईकडंच ठेवून तो मुकाट्यानं पुसायला बसला. कुंकू झटकलं की निघून जात होतं. एका रॉडवर मात्र केसाएवढी लाल रेघ राहिली. पुसली, तरी पुन्हा ओलसर होऊन तिथंच उमटली.

मदननं रॉड हिसकावून घेतला, उजेडात धरला, रेघेवरून नख फिरवलं. त्याचा चेहराच उतरला. "बापू, भेग हाय. आत मुरलेलं रॉकेल भाईर येतंय, त्यात कुंकू धरलंय."

जोतीरामनंही त्या रेघेवरून नख फिरवलं. भरधाव गाडीत हा रॉड तुटला असता, तर मागच्या सीटवर कुणाची तरी लेक असती.

"शालू, लय उपकार झालं बग तुजं," एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

"आवं, म्या काय केलं?"

मदननं चकचकीत रॉड उचलून कोपऱ्यात टाकले. काळे आठ रॉकेलात बुडवले, कोरडे पुसले आणि नीट मांडले. "वहिनी, ताट आणा हिकडं. आता एकबी सोडू नका."

शालूबाई कुंकू वाहत गेली. दोघं पुरुष गुडघ्यांवर बसून, श्वास धरून, तिच्यामागून झटकत गेले. शेवटच्या रॉडवरचंही कुंकू उडालं, लाल रेघ कुठंच नाही. खाली नुसतं काळं, धडधाकट लोखंड. जोतीरामनं टोपी काढून त्याला डोकं टेकवलं.

"झाली पूजा," मदन म्हणाला. "आता आज बसवता यायचं न्हाई बापू. उद्या सोनं लुटून झालं की बगू."

"व्हय रं," जोतीराम म्हणाला. "काय घाई न्हाई."