आरशामागची तार

गाडीवाल्याने गाडीच्या दारावरच्या आरशाची काच टेबलावर उलटी ठेवली. "तुमच्याकडूनच नेली होती. एकोणीस वर्षं चालली. आता काच गरमच होत नाही, थंडीत दंव धरतं आणि मागचं काही दिसत नाही. कंपनीने तर हे मॉडेल कधीच बंद केलं. अगदी अशीच करून द्या."

काच ठेवून तो गेला. कारागिराने ती जरा शेकून मागची, काच तापवणारी चिकट पट्टी अलगद सोडवली. केसासारखी तार, नागमोडी टाकलेली, कुठेही ओळीला ओळ शिवलेली नाही. वळणं सगळी गोल. टोकदार वळणावर तार तुटते, हे बायकोनेच शोधून काढलं होतं. ही पट्टी तिचीच. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि त्याला त्याचा कोण अभिमान होता.

बायको समोरच बसली होती. वर्षभरात आधी शेजाऱ्यांची नावं विसरली, मग हातातलं काम. आज सकाळपासून तिने एक पट्टी केली होती. तीन ठिकाणी तारेला तार चिकटलेली. बॅटरीला जोडली असती तर काचच तडकली असती.

"झकास झालीय," तो म्हणाला. खोटं बोलण्यात तो कच्चा, पण हे एक खोटं त्याने रोज घोटून पक्कं केलं होतं. दुपारी ती आडवी झाली की तो तिची तार उपसून पुन्हा टाकत असे.

तिने जुनी पट्टी उचलून खिडकीत उजेडाला धरली. प्रत्येक वळणावरून बोट फिरवलं. तिला आठवतंय, असं त्याला वाटलं. वेड्यासारखा आनंद झाला त्याला.

"बाईचा हात दिसतोय," ती म्हणाली.

"हो ना! अगं, ओळख बघू कुणाचा?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मग स्वतःची पट्टी शेजारी ठेवली. "तुम्ही रोज झकास म्हणता. मला दिसतं हो, नुसता गुंता आहे हा. माझ्या जागी हिला घ्या कामाला."

त्याने बाहीने डोळे पुसले. "रोज बोलावतोय," तो कसाबसा म्हणाला. "येत नाही ती."

बायकोने त्याच्या हातावर थोपटलं. "रडताय काय असे? मी बोलावलंय म्हणावं. बाईची अडचण बाईला कळते. येईल ती."